तिप्पण्णाची टर्म

सोलापूर, ता. ८ ऑगस्ट १९३२

चि. तिप्पण्णा यास मायाक्काचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. मा. सुपरिंटेंडंट साहेबांच्या कृपेने आप्पांचे मिलमधले काम नीट चालू आहे व माझा बालवर्गही ठीक चालला आहे. पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या पुण्याच्या कॉलेजकडून साहेबांना पत्र आले आहे. तू जुलै महिन्यात काही दिवस वर्गात बसलास व त्यानंतर अजिबात आला नाहीस, असे त्यात लिहिले आहे. ही कारकुनाची चूक असावी असे मला वाटते. तरी उलट टपाली खुलासा करावा.

सरकारने मागासलेल्या वर्गांतील मुलांसाठी ठेवलेली स्कॉलरशिप आपल्या वसाहतीतून प्रथमच तुला मिळाली, याची जाणीव ठेवावी. पहिली टर्म भरली नाही तर स्कॉलरशिप बंद होते हे तुला ठाऊक आहेच. तुझा बाहेर राहण्याचा पासही त्या स्कॉलरशिपपुरताच आहे. साहेबांचे उपकार विसरू नयेत.

तुझी बहीण,
मायाक्का


ता. ९ ऑगस्ट

तिप्या,

कालचं पत्र मिळालं असेल तर चुलीत घाल. ते मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून लिहिलं आणि त्यांनी वाचून पाकिटात घातलं. आपण वसाहतीच्या काटेरी तारेबाहेरच्या खोलीत राहायला आलो तरी आपलं टपाल कचेरीतूनच जातं, हे तू विसरला नसशील. हे पत्र मात्र शाळा सुटल्यावर कल्लप्पा मास्तरांच्या कोटाच्या खिशातून शहरात जाणार आहे. सापडलं तर त्यांची नोकरी जाईल. उत्तर त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठव, आणि पाठवच.

आता खरं सांग, कुठं आहेस तू? साहेबांनी तुझ्या बोर्डिंगातही विचारणा केली. बोर्डिंगवाले म्हणतात, मुलगा चांगला आहे, रोज सकाळी पुस्तकं घेऊन कॉलेजात जातो, संध्याकाळी परत येतो. कॉलेज म्हणतं, आमच्याकडे येत नाही. मग दिवसभर कुणाच्या अंगणात टोपल्या विणत बसतोस? आजारी असलास तर तसं लिही. कसला नाद लागला असेल तर तसं लिही, म्हणजे पुण्याला येऊन कान कुठला उपटायचा ते मला ठरवता येईल. पण गप्प बसू नकोस. गप्प बसणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, आणि आप्पा एक घरात आहे तेवढा पुरे.

साहेबांनी विचारलं, "मायाक्का, तिप्पण्णाचा जामीन कोण?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मग तूच त्याला समजाव." एवढंच झालं. जामिनाचं तू मनावर घेऊ नकोस. कागदावर कुणाचं तरी नाव लागतं, ते माझं आहे. अंगठा न लावता मी सही केली तेव्हा कारकुनाचं तोंड कसं झालं होतं, आठवतं का?

आपल्या आज्याला, आप्पाला, मला, तुला, सगळ्यांना सरकारनं जन्मतःच चोरांत जमा केलं. कैकाडी म्हटलं की चोर. सोलापुरातल्या घराघरात धान्याच्या कणग्या आहेत त्या कुणी विणल्या, ते कुणी विचारत नाही. त्या जातीतला पहिला मॅट्रिक तू. तुझ्यामागून जायला आणखी पोरं आहेत. बजाबाईची निंगव्वा यंदा सातवीच्या फायनलला बसते आहे, आणि साहेब उघड म्हणतात की पहिला टिकला तरच दुसऱ्याचा अर्ज वर पाठवीन.

आप्पा रोज मिलमधून आला की विचारतो, "पोराचं काई आलं का?" मी सांगते, "आलंय की. अभ्यासात हाय लई." तुझ्यापायी मी म्हाताऱ्याशी खोटं बोलते आहे, हेही ध्यानात ठेव.

आक्का


ता. २१ ऑगस्ट

तिप्पण्णा,

तुझं पत्र मास्तरांच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाचलं. सुंदरम्मा वहिनी भाकरी थापत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी हात धुतले आणि तांब्या पुढं केला.  

तू लिहिलंस ते मी मनात पुन्हा पुन्हा घोळवलं. प्रोफेसर वर्गात आले, त्या दिवशी पहिल्यांदाच हजेरीचं पुस्तक उघडलं, एकेका मुलाचं नाव घेऊ लागले. तुझं नाव आलं आणि तू बाकावरून खाली उतरून उकिडवा बसलास, दोन्ही हात डोक्यावर. तुला कळलंही नाही. प्रोफेसरांना वाटलं तुझं काही पडलं, त्यांनी विचारलं, "काय शोधतोस?" आणि मागच्या बाकावरचा तो आपल्या सोलापूरच्या वकिलाचा मुलगा मोठ्यानं बोलला, "सर, तो शोधत नाही. त्यांना अशीच सवय असते, तारेत." आणि मग वर्ग हसला.

तिप्या, मलाही आधी राग आला तो तुझाच. हात कसे गेले डोक्यावर, असं वाटलं. मग मला लाज वाटली. चालता येऊ लागल्यापासून तू सकाळ-संध्याकाळ हजेरीला तसाच बसत आलास. शिपाई नाव घेतो, आपण खाली बसून हात डोक्यावर ठेवतो, तो मोजतो आणि पुढं जातो. तुला दुसरी हजेरी कुणी दाखवली होती? मॅट्रिकला तू आमच्याच शाळेतून बसलास, आणि तिथं कल्लप्पा मास्तर नावं वाचत नाहीत, नुसते बघूनच खुणा करतात. आम्ही तुला इंग्रजी शिकवलं, भूमिती शिकवली, कोटाची बटणं लावायला शिकवली. नाव घेतल्यावर काय करायचं, एवढं सांगायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तुला एक गोष्ट सांगते, तू तेव्हा लहान होतास. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत साहेबांनी आपल्याला दोन घटका नेलं होतं. आप्पा भेंडबत्तासे घेत होता. मागून कुणीतरी स्वतःच्या माणसाला ओरडून हाक मारली, "येडू!" तो येडू आप्पाच्या नावाचा कुणी दुसराच असेल. आपला आप्पा भर जत्रेत बत्तासे टाकून खाली बसला, हात डोक्यावर. लोक त्याला वळसा घालून पुढं गेले. त्यानं नंतर तेच बत्तासे गोळा करून फुंकून आपल्याला दिले. तो पुढच्या वर्षी पुन्हा जत्रेला आलाच की.

दिवसभर तू मुठेच्या काठी बसतोस असं लिहिलंस. पुस्तकं उघडतोस का तिथं, का नुसता पाण्याकडं बघतोस? रविवारी चौकीत जाऊन नोंद करतोस ना? ती अजिबात चुकवू नको. ती चुकली तर पोलिसांच्या लेखी तू फरारी ठरशील, मग माझी अक्कल चालणार नाही.

उद्या वर्गात जा. हसतील. हसू दे. हसून त्यांचे जबडे दुखतील, तुझे गुडघे दुखणार नाहीत. त्या प्रोफेसरांना वर्ग सुटल्यावर एकटं गाठ आणि खरं सांग, ज्यानं "काय शोधतोस" असं विचारलं तो माणूस वाईट नसावा.

तुझी आक्का


ता. ४ सप्टेंबर

तिप्पण्णास,

"मला येऊन घेऊन जा, आक्का. मला एकट्याला गाडीत बसायचीही भीती वाटते." हे वाक्य तू लिहिलंस. मी वाचलं. आणि मग माझी चूक झाली, ते पत्र मी आप्पासमोर वाचलं.

आप्पा त्याच पावली साहेबांकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता गेला, पत्राचं नाव मात्र काढलं नाही. साहेब माणूस बरा आहे, त्यालाही पोलीस, वॉरंट, वरून खुलासे हे नकोच आहे. त्यांनी तोड काढली. मला पुण्याचा पास मिळेल, तिकीटही मिळेल. मी तुला घेऊन यायचं. तू स्कॉलरशिप सोडतो असं लिहून द्यायचं. मिलमध्ये तुला कारकुनाच्या हाताखाली जागा मिळेल. कुणावर ठपका नाही, वॉरंट नाही. पण मी आणलं नाही आणि तू वर्गातही दिसला नाहीस, तर साहेब महिनाअखेर वर कळवणार. मग तुला आणायला पोलीस येतील.

निंगव्वाचं विचारलं मी. साहेब म्हणाले, "एक मुलगा परत आल्यावर दुसऱ्या मुलीसाठी मी कोणत्या तोंडाने लिहू?"

आता तुझ्यापासून दडवलेलं सांगते, कारण तू आज ना उद्या ऐकशीलच. जामीन म्हणजे नुसतं नाव नव्हतं. तू टर्म बुडवलीस तर आपली तारेबाहेरची खोली जाणार, असं त्या कागदात आहे. मी तेव्हा वाचूनच सही केली होती. तुला सांगितलं असतं तर तू गेला नसतास.

काल संध्याकाळी आमचं वाजलं. आप्पा उंबऱ्यात बसून म्हणाला, "पोरगं भ्यालंय. आणावं त्येला."

"भ्यालं म्हणून आणायचं? आन् आणून काय करायचं?"

"मिलात लागंल."

"मॅट्रिक होऊन मिलात?"

"मी न्हाई का मिलात? मेलो का मी?" आणि मग हळू आवाजात म्हणाला, "माया, हितं दार आतनं लावता येतंय. खिडकी हाय. तारंच्या आत शिपाई रातीचा पडदा सारून मोजतो, इसरलीस का? तुज्या आईला ह्ये दार बगाया मिळालं न्हाई. मला ह्या दारात मरू दे की."

 तो खोटं काहीच बोलला नव्हता.

पास माझ्या हातात आहे. गुरुवारच्या गाडीनं निघायचं आहे. तू बोर्डिंगातच थांब, कुठं जाऊ नकोस.

मायाक्का


ता. ८ सप्टेंबर, गुरुवार

तिप्पण्णा,

मी आले नाही. तू दिवसभर बोर्डिंगाच्या दारात बसला असशील. बस, आणि हे सगळं वाच.

सकाळी भाकरी बांधल्या. आप्पानं तुझ्यासाठी शेंगाची चटणी दिली, हातानं कुटलेली. मी पिशवी घेऊन निघाले आणि स्टेशनकडे वळायच्या जागी कचेरीत गेले. काय करायचं ते रात्रभर ठरवलं होतं असं नाही. पाय तिकडं वळले तेव्हा कळलं की ठरलेलं आहे. मला एवढंच दिसत होतं की मी तुला हाताला धरून आणलं, तर पुढची साठ वर्षं तू माझ्यासमोर मिलमधून परत येशील, आणि आपण दोघं एकमेकांकडे बघणार नाही.

खोलीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. पास पण ठेवला.

साहेब म्हणाले, "हे काय?"

मी म्हटलं, "साहेब, जामीन कशाला असतो? माणूस चुकला तर भरून घ्यायला. माझ्याकडून आत्ताच भरून घ्या. आमी आजच आत राहायला जातो."

"तो अजून चुकलेला नाही, मायाक्का. टर्म संपायची आहे."

"मग महिनाअखेर पोलीस कशाला पाठवता?"

साहेबांनी चष्मा काढला. कायद्यात अशी सोय नाही, असं काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "सोय न्हाई आन् मनाई पण न्हाई. खोली घ्या आन् मला टर्म संपेपर्यंतचा टाइम द्या. तवर वर काई कळवू नका. चौकीत तो दर रविवारी नोंद करतोय, फरारी न्हाई. टर्म बुडाली तर मी सोता त्येला पोलिसांबरोबर आणायला जाते."

त्यांनी किल्ली उचलून खणात टाकली. "ऑक्टोबरअखेर कॉलेजचा रिपोर्ट येतो. तोपर्यंत थांबतो. त्यापुढे एक दिवस नाही." त्यांच्यावरही वरचे साहेब आहेत, ते का ऐकले मला ठाऊक नाही. कदाचित जामीन आपण होऊन भरायला आलेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असेल.

आप्पाला सांगितलं. उठला, मडकं खांद्यावर घेतलं, तारेच्या फाटकातून आत गेला. मागून मी बाकीचं सामान नेलं. जुन्या रांगेतली जुनीच जागा दिली आम्हाला, दाराला गोणपाट आहे. आप्पानं अजून माझ्याकडं तोंड केलेलं नाही. संध्याकाळच्या हजेरीला माझ्या बालवर्गातली पोरं माझ्या दोन्ही बाजूंना बसली होती. एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमी पण?" मी म्हटलं, "व्हय, मी पण." मला फार लागलं ते. शिक्षा म्हणून नाही लागलं, तिनं विचारलं म्हणून लागलं.

आता तुझ्यावर काही उरलं नाही. खोली वाचवायला परत यायला नको, कारण खोली नाही. आमच्यासाठी वर्गात जायला नको, कारण आम्ही जे घालवायचं ते घालवलं. जायचं तर तुझ्यासाठी जा. नाही गेलास तर नोव्हेंबरात पोलीस येतील, त्यांच्याबरोबर मीही असेन, आणि त्या दिवशी तुला शिव्या देणार नाही. एवढं वचन देते.

चटणी खराब होईल म्हणून मास्तरांबरोबर पार्सलानं पाठवते आहे. मला तुझी फार आठवण येते रे. हे मी आधी कधी लिहिलं नाही म्हणून आता लिहिते.

आक्का


ता. २ ऑक्टोबर

तिप्पण्णा,

तुझं एक अक्षर नाही. मास्तर रोज सकाळी शाळेत आले की मी त्यांच्या खिशाकडं बघते, आणि ते मान हलवतात.

नळावर बायका बोलतात. "मास्तरीणबाईंचा भाव पळाला." मी भांडत नाही. माझ्यासारखीनं भांडण टाळलं म्हणजे लोकांना खरंच वाटायचं, पण मी आपली रांगेत उभी राहते. बजाबाई तेवढी माझी बादली भरून देते. निंगव्वा फायनलला बसली आहे, पेपर बरे गेलेत म्हणते.

परवा दुपारी बातमी आली की कुर्डुवाडी जंक्शनवर एक कैकाडी पोरगा बिनपासाचा धरला. वय तुझंच, अंगात कोट, हातात इंग्रजी पुस्तक. वर्गात पोरं पाढे म्हणत होती आणि मला ते पाढे ऐकूच येईनात. घरी गेले तर आप्पा आधीच निघालेला. मिलची पाळी टाकून तो कचेरीच्या पायरीवर जाऊन बसला होता. कुणी हाकललं तरी उठेना. संध्याकाळी कुर्डुवाडीहून नाव आलं. तो बार्शीकडचा कुणी होता. पुस्तक त्याला गाडीत सापडलं होतं म्हणे.

आप्पा परत आला आणि खोली सोडल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग वाढ की दोगांना." एका ताटात जेवलो. त्या पोराला कुणी बहीण असेल का, हे मला जेवताना सुचलं.

तू आहेस का तिथं? कॉलेजात जातोस की काठावरच बसतोस, हे मी विचारत नाही. फक्त आहेस का तेवढं लिही. कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल.

आक्का


ता. ६ नोव्हेंबर

चि. तिप्पण्णास आशीर्वाद.

कॉलेजचा रिपोर्ट आला त्याच दिवशी तुझंही पत्र आलं. तू काय घुम्या आहेस रे! सप्टेंबरच्या मध्यापासून वर्गात जातोस आणि मला एक ओळ लिहायला तुझा हात मोडला होता का? "टर्म भरते की नाही हे नक्की कळेपर्यंत तुला खोटी आशा लावायची नव्हती" असं लिहितोस. आशा लावायची नव्हती म्हणे! मी इथं रोज मरत होते. भेटलास की कान उपटणार आहे, तो बाकी आहे.

तू प्रोफेसरांना एकट्यानं गाठलंस हे चांगलं केलंस. जुलैपासूनचे बुडालेले दिवस त्यांनी प्रिन्सिपॉलांकडून माफ करून घेतले आणि त्याबदली रविवारी घरी बोलावून अभ्यास घेतला, हे वाचून मी मास्तरांच्या घरात मोठ्यानं हसले, सुंदरम्मा वहिनी धावत आल्या. आणि वकिलाचा मुलगा अजून तुझ्याशी बोलत नाही, तर नको बोलू दे. नाव घेतलं की अजून गुडघे वाकतात, पण तू बाक घट्ट धरून ठेवतोस, हे वाचलं. धरून ठेव. वर्षभर धरावं लागलं तर वर्षभर धर.

इकडचं सांगते. रिपोर्टात तुझी टर्म भरल्याचं आहे, म्हणून साहेबांनी काल सकाळी आप्पाला बोलावून किल्ली परत दिली. आप्पानं ती धोतराच्या गाठीला बांधली. दिवसभर मिलमध्ये ती चाचपत होता म्हणे, शेजारच्या मागावरचा साचेवाला सांगत होता.

संध्याकाळी हजेरीनंतर साहेबांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. निंगव्वा फायनल पास झाली आहे. पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजसाठी तिचा अर्ज वर जाणार, स्कॉलरशिपही मिळेल. साहेब म्हणाले, "पण जामीन पाहिजे, आणि जामीन तारेबाहेरच्या घरातलाच चालतो. कोण जामीन राहतं?"

तारेबाहेरची घरं ती किती! तिथले सगळे बाहेरच्या अंगाला एका जागी बसलेले होते आणि सगळे जमिनीकडं बघत होते. त्यांना दोष देणार नाही मी. आमचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. बजाबाई पदर तोंडात धरून उभी होती. मी हात वर केला, तर कारकून म्हणाला, "तुझं नाव तिप्पण्णासाठी गुंतलंय, दोनदा चालत नाही." निंगव्वाचं तोंड एवढंसं झालं. तिप्या, मला वाटलं संपलं.

तेवढ्यात आप्पा उठला.

साहेबांना आधी वाटलं काही तक्रार आहे. आप्पा म्हणाला, "माजं नाव घाला."

"येडू, तुला कळतंय का? किल्ली आजच मिळाली आहे तुला. या मुलीनं टर्म बुडवली तर ती परत घ्यावी लागेल."

"कळतंय की, साहेब."

खरं सांगते, मला राग आला. तू माझा भाऊ होतास म्हणून मी खोली टाकली. ती पोर आपली कोण? आणि ज्या म्हाताऱ्यानं त्या दारासाठी माझ्याशी तीन आठवडे अबोला धरला, तोच आता ते दार दुसऱ्याच्या पोरीवर लावतोय! मी त्याच्या बाहीला धरून खाली ओढलं. दातओठ खात म्हटलं, "आप्पा, तिप्यानं पाय मागं घेतला तवा काय झालं ते बगितलंस ना? हिनं पण घेतला तर?"

आप्पानं अंगठ्याला शाई लावून घेतली. अंगठा उठवला. मग धोतराला पुसत माझ्याकडं बघून म्हणाला, "तर परत आत जाऊ. वाट ठावं हाय की आपल्याला."

तुझी आक्का